पेट्रोल भरले, तरी गाडी सुरू होईना

वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणीचा घाट अर्ध्याहून थोडा अधिक चढून झाला होता, तेव्हा माझी १९९७ सालची मारुती ८०० बंद पडली. पेट्रोल संपले होते. एवढ्यात सांगण्यासारखे काही नाही, कारण हयगय माझी होती आणि अशी हयगय कधी ना कधी पुष्कळांच्या हातून होते. सांगण्यासारखे आहे ते पुढचे. टाकीत पेट्रोल ओतल्यानंतरही गाडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुरू झाली नाही, आणि अखेरीस जे कारण सापडले ते पेट्रोल संपण्याच्या कितीतरी आधीपासून गाडीत दबा धरून बसले होते. टाकी कोरडी पडल्यामुळे ते उघडकीला आले, इतकेच.

माझ्या गाडीचा पेट्रोलचा काटा गेली तीन वर्षे पाव टाकीच्या रेषेपाशी अडतो, म्हणून मी काट्यावर विसंबत नाही. पेट्रोल भरले की त्या वेळचे किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ठेवतो आणि लिटरला १६ किलोमीटर असा हात राखून हिशोब करतो. डिसेंबरातल्या त्या आठवड्यात चिठ्ठी हरवली, मी आकडा आठवणीने धरला, आणि तो शंभरेक किलोमीटरने चुकला.

पेट्रोल संपून बंद पडणारी गाडी आणि विजेच्या बिघाडाने बंद पडणारी गाडी यांच्या मरणात फरक असतो, आणि तो त्या क्षणी ध्यानात ठेवला तर पुढची बरीच शोधाशोध वाचते. कॉइल गेली, वायर सुटली किंवा डिस्ट्रिब्युटरमध्ये काही बिघडले, तर इंजिन बहुधा चावी फिरवून बंद करावे तसे एकाएकी थांबते. पेट्रोल संपताना मात्र ते आधी आचके देते, ॲक्सिलरेटर दाबला तर दम तुटल्यासारखे मागे ओढते, पाय सैल सोडला की क्षणभर सावरते, पुन्हा आचके देते आणि मग बंद पडते. पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीत उरलेले थोडे पेट्रोल संपेपर्यंतचा हा काळ असतो. माझी गाडी याच रीतीने, दोन वळणे आचके देत चढून, कठड्यालगतच्या मोकळ्या जागेत थांबली. तेव्हा कारणाविषयी मला शंका नव्हती, आणि शंका नव्हती हेच पुढे अंगाशी आले.

एका दुचाकीस्वाराने मला वाईपर्यंत आणून सोडले. पंपावर मी पाण्याची रिकामी बाटली पुढे केली, तर तिथल्या मुलाने ती सरळ परत केली, आणि ते बरोबरच होते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याविना जवळ बाळगता येते. परंतु ते घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असावे लागते. काचेचे किंवा मातीचे भांडे १ लिटरपेक्षा मोठे नको आणि धातूचे २५ लिटरपेक्षा. प्लास्टिकच्या बाटलीचा त्यात उल्लेखच नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याने पन्नास रुपये अनामत ठेवून घेऊन एक पत्र्याचा कॅन दिला. त्यात दोन लिटर पेट्रोल घेऊन मी घाटात परतलो, ते टाकीत ओतले आणि सेल्फ मारला. इंजिन फिरले, पण पेटले नाही.

दोन लिटर पेट्रोल म्हणजे ३२ किलोमीटरची बेगमी, असे आपले मन म्हणते. टाकी मात्र तसे मानत नाही. ८०० ची टाकी २८ लिटरची असते आणि तिच्या पसरट तळावर दोन लिटर म्हणजे एक पातळ थर होतो. पेट्रोल ओढून घेणाऱ्या नळीचे तोंड तळाला टेकलेले नसते, कारण तसे असते तर तळाचा गाळ तिने पहिल्याच दिवशी ओढला असता. त्यामुळे पहिले काही पेट्रोल नळीच्या तोंडाखालीच पडून राहते. त्यात गाडी चढावर उभी असेल तर तो पातळ थर टाकीच्या मागच्या कडेला जमतो, आणि नळीच्या तोंडापर्यंत पोचेल की नाही हे टाकीच्या आकारावर ठरते. शिवाय टाकी मागे आणि इंजिन पुढे असलेल्या या गाडीत चढावर पंपाला पेट्रोल अधिक उंच उचलावे लागते. दर पंधरा फुटांना एक फूट असा चढ धरला, तर टाकीपासून पंपापर्यंतच्या अडीच मीटर अंतरात ही वाढीव उंची जवळजवळ वीतभर होते. दोन लिटरवर भागवण्याऐवजी पाच लिटर आणले असते तर निदान एक शंका तिथेच मिटली असती. कॅन पाच लिटरचाच होता, कंजूषपणा माझा.

यानंतरची पंधरा मिनिटे मी जे केले ते करू नये म्हणूनच सांगतो. मी एकामागून एक सेल्फ मारत राहिलो. कधी चोक (म्हणजे थंड इंजिनासाठी हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका) ओढून, कधी तो आत ठेवून, कधी ॲक्सिलरेटर पंपासारखा खालीवर करून. सेल्फची मोटर बॅटरीतून फार मोठा प्रवाह खेचते. पाच-सात सेकंद फिरवून अर्धा मिनिट थांबणे ही तिची आणि बॅटरीची दोघांचीही गरज असते. मी ती पाळली नाही. इंजिन फिरण्याचा वेग ऐकू येईल इतका मंदावला, आणि त्याच वेळी साताऱ्याहून दाजींची जीप आली. त्यांना मी वाईच्या पंपावरून फोन केला होता.

दाजींनी गाडीचे बॉनेट उघडण्याआधी खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली. “पाव्हणं, आधी सेल्फ मारायचं थांबवा. बॅटरी बसली तर टाकीत तेल असून काय उपेग?” एवढे बोलून ते इंजिनाकडे वळले आणि म्हणाले, “एअर धरली असंल.”

दाजींचा उभा जन्म डिझेलच्या जीपवर गेला, त्यामुळे तेल संपले की एअर धरली हे त्यांचे पहिले निदान असते, आणि डिझेलच्या बाबतीत ते चुकत नाही. जुन्या डिझेल इंजिनात तेल थेट सिलिंडरमध्ये फार मोठ्या दाबाने फवारले जाते. द्रव दाबला जात नाही म्हणूनच हा दाब तयार होतो. मधे हवेचा बुडबुडा असला तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा आवळण्यात खर्च होतो आणि तेल फवारणारा इंजेक्टर उघडतच नाही. म्हणून खेड्यापाड्यांतल्या कोणत्याही जीपवाल्याला एअर काढता येते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचा, फेस येणे थांबून सलग तेल वाहू लागले की स्क्रू आवळायचा. मग इंजेक्टरांना दाबाने तेल देणाऱ्या मायकोच्या पंपावरचा स्क्रू तसाच उघडून आवळायचा. आणि तरीही इंजिन पेटले नाही तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांची नटे एकेक करून सैल करत सेल्फ मारायचा. मायको हे नाव २००८ सालीच बॉश झाले, पण गॅरेजातल्या बोलीत पंप अजून मायकोचाच आहे.

कार्बोरेटरच्या पेट्रोल गाडीला ही एअर बाधत नाही, आणि ते का, हे समजून घेतल्यावर पुढचा सगळा शोध सोपा झाला. आमच्या ८०० मध्ये इंजिनाच्या कॅमशाफ्टवर एक उंचवटा असतो. तो पंपाचा दांडा हलवतो, दांड्यामुळे आतला रबरी पडदा खालीवर होतो, आणि पेट्रोल टाकीतून ओढले जाऊन कार्बोरेटरच्या वाटीत ढकलले जाते. वाटीतले पेट्रोल खाली असते तेव्हा तिच्या तोंडाशी असलेली सुई उघडी असते आणि वाटीला वरून हवेचे छिद्र असते. म्हणजे नळीत हवा भरली असली तरी पंप ती हवा वाटीत ढकलतो आणि हवा छिद्रातून निघून जाते. एअर आपोआप निघते, फक्त वेळ लागतो. उन्हाळ्यात गरम इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलचीच वाफ होऊन अडसर होतो तो प्रकार निराळा, आणि डिसेंबरच्या सकाळी थंडगार इंजिनात त्याचा प्रश्न नव्हता.

किती वेळ लागावा, याचा ढोबळ हिशोब मी तिथेच कठड्यावर बसून केला. नळीचा आतला व्यास ६ मिलिमीटर आणि लांबी ३ मीटर धरली, तर तिच्यात सुमारे ८५ मिलिलिटर मावते. फिल्टर आणि कार्बोरेटरची वाटी धरून सगळे मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास. सेल्फवर इंजिन मिनिटाला दोनशे फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे शंभर फेरे घेतो आणि पंप शंभर वेळा हलतो. एका हालचालीला दोन मिलिलिटर इतके हलके माप धरले तरी मिनिटाभराच्या सेल्फमध्ये वाटी भरायला हवी होती. मी त्याच्या दुप्पट तरी सेल्फ मारला होता. म्हणजे एकतर पेट्रोल नळीच्या तोंडापर्यंत पोचत नव्हते, किंवा वाटेत काहीतरी बिघडलेले होते.

या कार्बोरेटरच्या वाटीला बाहेरून एक छोटी गोल काच असते. पेट्रोलची पातळी तिच्या मध्यावर दिसावी अशी योजना असते. पुष्कळ मालकांना ही काच ठाऊक नसते, कारण ती धुळीने आणि तेलाने माखून धातूसारखीच दिसू लागते. मी ती फडक्याने पुसली, विजेरीचा प्रकाश टाकला, आणि वाटी ठणठणीत कोरडी दिसली. एक प्रश्न मिटला: पेट्रोल वर आलेलेच नव्हते.

दुसरा प्रश्न असा होता की पेट्रोल मिळाले तर इंजिन पेटेल का. दाजींनी जीपमधल्या औषधाच्या डब्यातून जनावरांना टोचायची सुईविना सिरिंज काढली. एअर फिल्टरचे झाकण उघडून कार्बोरेटरच्या तोंडात दहा मिलिलिटर पेट्रोल सोडले, झाकण परत बसवले, कॅन रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवला, आणि मगच चावी फिरवली. हा क्रम मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने उघड्या कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतायचे, हा प्रकार मी रस्त्याच्या कडेला अनेकदा पाहिला आहे. इंजिनाने उलट भडका मारला, तर कार्बोरेटरच्या तोंडातून येणारी ज्वाळा सरळ हातातल्या बाटलीपर्यंत येते. झाकण बसवलेले असले तर ती फिल्टरच्या डब्यात विझते.

इंजिन पहिल्या फटक्याला पेटले, सात-आठ सेकंद चालले आणि बंद पडले. मला ते अपयश वाटले. दाजींना नाही वाटले. खरे म्हणजे सबंध दिवसातली सर्वांत उपयुक्त माहिती त्या सात-आठ सेकंदांत मिळाली होती. स्पार्क येतो, टायमिंग जागेवर आहे, सिलिंडरमध्ये दाब आहे, व्हॉल्व्ह नीट चालतात. हे सगळे एका दमात सिद्ध झाले, आणि शोध टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या तीन मीटर वाटेवर येऊन थांबला. प्लग काढून करंट बघत बसण्याची गरज उरली नाही.

गाडी घाटात सोडून जाणे शक्य नव्हते. वाई खाली होती आणि पाचगणी वर. मला वाटले, टोचन करून खाली नेणे सोपे. दाजींनी ते साफ नाकारले. दोराने टोचन केलेली गाडी उतारावर स्वतःच्या वजनाने पुढच्या गाडीवर येते, दोर सैल पडतो, मग झटका बसतो. आणि इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत दोन-तीन दाबांत संपून पुढे पायाच्या जोरावरच सगळे अवलंबून राहते. चढावर दोर सतत ताणलेला राहतो. साडेसहाशे किलोची ८०० जीपला जड नव्हती. म्हणून आम्ही वर, पाचगणीला गेलो. मागे धोमचा जलाशय उन्हात चकाकत होता आणि मी दोराकडे डोळे लावून बसलो होतो.

पाचगणीच्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी सपाट जागेवर आणखी तीन लिटर पेट्रोल ओतले, बॅटरीला दुसऱ्या बॅटरीची जोड दिली आणि सेल्फ मारला. काही झाले नाही, पण टाकीत पेट्रोल अपुरे असल्याची शंका तिथे संपली. मग त्यांनी पेट्रोल फिल्टर काढला. तो पारदर्शक प्लास्टिकचा होता आणि आतला कागद चहाच्या गाळासारखा दिसत होता. टाकी रिकामी होत येते तेव्हा पंप तळाचे पाणी, गंज आणि गाळ ओढतो, म्हणून पेट्रोल संपल्यानंतर फिल्टर बदलणे हे योग्यच काम आहे. त्यांनी नवा फिल्टर लावला. तरीही कार्बोरेटरच्या काचेत पेट्रोल दिसेना. संध्याकाळ झाली होती. “साहेब, पंपाचा पडदा गेला. उद्या साताऱ्याहून नवा पंप मागवू,” असे म्हणून त्यांनी हात धुतले.

त्यांचे म्हणणे अवास्तव नव्हते. जुन्या पंपाचा पडदा ताठरतो, त्यातल्या झडपा झिजतात. पेट्रोलने ओल्या असतात तोवर त्या बऱ्या बसतात आणि कोरड्या पडल्या की हवा धरू शकत नाहीत. अशा पंपाच्या तोंडात चमचाभर पेट्रोल सोडल्यावर तो पुन्हा ओढू लागतो, हे मी ऐकलेले आहे आणि त्याचे कारणही पटण्यासारखे आहे. पण पंप बिघडला आहे हे ठरवण्याआधी तो तपासता येतो, आणि तपासणीला पंपाच्या किमतीच्या मानाने काहीच लागत नाही. रात्री पाचगणीत ओळखीच्यांकडे मुक्काम होता, तिथे मी ही तपासणी कागदावर मांडून ठेवली.

सकाळी आधी कॉइलची बारीक वायर काढून ठेवली, म्हणजे ठिणगी पडण्याचा प्रश्न नको. मग कार्बोरेटरला येणारा पाइप सोडवून त्याचे तोंड काचेच्या बाटलीत धरले आणि सेल्फ मारला. बाटलीत पेट्रोलचे दोन-चार थेंब आणि फसफस करत हवा आली. याचा अर्थ पंप काहीतरी ढकलत होता, पण ती बहुतांश हवा होती. त्यानंतर पंपाकडे टाकीतून येणारा पाइप सोडवला, तिथे हातभर नवा पाइप जोडला आणि त्याचे दुसरे टोक पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवले. चार सेकंदांच्या सेल्फमध्ये बाटलीत ठोकेवार, भरदार चिळकांड्या उडू लागल्या. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त साताऱ्याला फोन करून पंप नको म्हणून सांगितले.

पंप निर्दोष ठरला, तेव्हा दोष पंपाच्या मागे, टाकीकडच्या बाजूला होता. गाडी जॅकवर घेऊन खाली टेकण्या लावल्या, बॅटरीची वायर काढली आणि मागच्या बाजूला पाहिले. पत्र्याच्या नळीला टाकीशी जोडणारा रबरी पाइपचा एक तुकडा होता, चार बोटांएवढा. बाहेरून तो कोरडा होता, खाली कुठे डाग नव्हता, पेट्रोलचा वास नव्हता. इतकी वर्षे सर्व्हिसिंगच्या वेळी कोणीही त्याच्याकडे पाहून ठीक आहे असेच म्हटले असते, मीही म्हटले असते. मिस्त्रींनी तो बोटांनी वाकवला, तेव्हा त्याच्या वरच्या अंगाला, जिथे नजर जात नाही तिथे, दुष्काळातल्या शेतासारख्या भेगा उघडल्या.

पंपाच्या पुढच्या बाजूला नळीला भेग पडली तर पेट्रोल बाहेर गळते, वास येतो, जमिनीवर डाग पडतो. पंपाच्या मागच्या बाजूला मात्र नळीत दाब नसतो, ओढ असते. तिथल्या भेगेतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. शीतपेयाच्या नळीला तोंडाजवळ चीर गेली की कितीही ओढा, हवाच येते, तसाच हा प्रकार. गळतीच्या शोधात खाली डाग बघणाऱ्याला हा दोष कधीही सापडणार नाही. खात्री म्हणून टाकीचे झाकण उघडे ठेवून, पंपाच्या टोकाकडून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरली आणि त्या तुकड्यावर साबणाचे पाणी लावले. वरच्या अंगाला बुडबुड्यांची ओळ उभी राहिली.

मग ही गाडी पेट्रोल संपेपर्यंत चालत कशी होती, हा प्रश्न मिस्त्रींनीच विचारला, आणि त्याचे उत्तर आम्ही दोघांनी मिळून जुळवले. चालत्या इंजिनात पंप सेल्फच्या वेगाच्या चौपट ते पंधरापट वेगाने हलतो, त्यामुळे भेगेतून शिरणारी थोडी हवा पेट्रोलबरोबर वाटीत येऊन छिद्रातून निघून जात होती. टाकी भरलेली असताना तर पेट्रोलची पातळी त्या तुकड्याच्या वर असते, म्हणजे तिथे ओढच लागत नाही. टाकी तळाला आली, नळी रिकामी झाली आणि पंप सेल्फच्या मंद वेगावर आला, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा भेग जिंकली. बॅटरी उतरल्यावर वेग आणखी घटला आणि माझा उरलासुरला जोरही गेला.

खुणा आधीपासून होत्या. वर्षभर असे होत होते की टाकी पावाच्या खाली असली आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ जास्त मारावा लागे. टाकी भरली की तक्रार नाहीशी होई. मी त्याचे खापर थंडीवर आणि चोकच्या वायरवर फोडले, वायर बदलूनही घेतली. थंडी टाकीतले पेट्रोल बघून येत नाही, एवढा विचार मला तेव्हा सुचला नाही.

या भेगा कशाने पडल्या, यावर दाजी आणि मिस्त्री यांचे एकमत झाले: पेट्रोलमधले इथेनॉल. मी त्यांच्याशी पुरता सहमत नाही. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही हे खरे. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमुळे काही जुन्या वाहनांचे रबरी भाग आणि गॅस्केटे बदलावी लागू शकतात हे सरकारनेही मान्य केले आहे, आणि १९९७ ची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती हे उघडच आहे. पण या तुकड्याच्या भेगा बाहेरून आत गेलेल्या होत्या, आणि पाव शतकाहून अधिक काळ चाकांनी उडवलेला चिखल, ऊन आणि सुकणे एवढ्यानेही रबराची तीच गत झाली असती. दोष कोणाचा हे ठरवण्यापेक्षा सगळे रबरी तुकडे एकदम बदलणे बरे, म्हणून मी पंपाच्या पुढचे आणि मागचे दोन्ही बाजूंचे पाइप बदलून घेतले. ते इंधनासाठीचेच असावेत. पाण्याचा किंवा हवेचा पाइप दिसायला तसाच असला तरी पेट्रोलमध्ये तो काही महिन्यांत फुगून मऊ पडतो.

नवा पाइप लावल्यावर कार्बोरेटरच्या काचेत पेट्रोलची रेषा वर चढताना दिसली आणि तरीही गाडी पेटली नाही. आदल्या दिवसापासून सिरिंजने, चोकने आणि माझ्या पायाने जेवढे पेट्रोल आत गेले होते त्याने तिन्ही प्लग ओले झाले होते. ते काढून, पुसून, वाळवून परत लावले. चोक आत ठेवून ॲक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरला, खालीवर केला नाही, आणि सेल्फ मारला. धुराचा एक लोट सोडून इंजिन चालू झाले. रिकाम्या गतीवर ते थोडे अडखळत होते, कारण गाळ फिल्टर ओलांडून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांपर्यंत, म्हणजे जेटपर्यंत, गेला होता. साताऱ्याला आल्यावर कार्बोरेटर उघडून साफ केल्यावर तेही थांबले.

८०० चीच, पण २००० सालच्या आसपास आलेली एमपीएफआयची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी, गाडी असती तर तपासाची रीत निराळी झाली असती. तिथे पंप विजेचा आणि टाकीतच बुडालेला असतो. चावी चालू केली की तो दोनेक सेकंद फिरून थांबतो आणि तो बारीक घूं आवाज मागच्या सीटजवळ ऐकू येतो. पेट्रोल भरल्यावर थेट सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा नुसती चालू-बंद केली की नळीत दाब भरतो. आवाज आलाच नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघायचा. या पंपाला पेट्रोलच थंड ठेवते आणि तेच त्याचे वंगण असते, म्हणून टाकी कोरडी पडल्यावर सेल्फ मारत राहणे तिथे माझ्या चुकीपेक्षाही महाग पडते.

पाचगणीहून निघण्याआधी एक काम उरकून घेतले. पाइप बदलण्यासाठी टाकी पूर्ण रिकामी केलेली होती, आणि अशी संधी पुन्हा येणार नव्हती. बाहेर काढलेले पाच लिटर गाळून परत टाकीत ओतले, पंपावर जाऊन पुढचे पेट्रोल पाच-पाच लिटरने भरायला सांगितले आणि प्रत्येक वेळी चावी चालू करून काटा कुठे थांबतो ते टिपले. पंपावरचा मुलगा वैतागला, पण त्याने भरले. टाकी कोरडी असताना काटा पाव टाकीच्या रेषेवर होता. पाच लिटरला तिथेच होता. दहा लिटरलाही तिथेच होता. पंधराव्या लिटरला तो एकदम उडी मारून अर्ध्याच्या पुढे गेला. हे चार आकडे लिहिलेला कागद आता चालकाच्या डोक्यावरच्या सावलीच्या फळीला चिकटवलेला आहे, आणि काटा पावावर टेकला की मी पुढच्या पंपावर गाडी वळवतो.